थांब म्हणणारे पॅकेट : ईथरनेटमधील प्रवाह-नियंत्रणाचा इतिहास

संगणकांच्या जाळ्यात फिरणारा एक अगदी छोटा संदेश आहे. लांबी ६४ बाइट. त्यांपैकी ४२ बाइट नुसती शून्ये, जागा भरण्यापुरती. उरलेल्या भागाचा अर्थ एका वाक्यात मावतो : अमुक इतका वेळ मला काही पाठवू नकोस. या संदेशाला ‘पॉझ फ्रेम’ म्हणतात. १९९७ साली तो ईथरनेटच्या मानकात आला. त्याआधी सुमारे पाव शतक हे तंत्र त्याच्याविना चालले होते आणि तो आल्यानंतरही अनेक व्यवस्थापकांनी त्याला आपल्या जाळ्यातून मुद्दाम बंद करून ठेवले. असे का झाले, हे समजण्यासाठी हा धागा हवाई बेटांपासून सुरू करावा लागतो.

१९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अलोहानेट’ सुरू केले. समुद्राने विलग झालेल्या बेटांवरच्या टर्मिनलांना ओआहूवरच्या संगणकाशी रेडिओने जोडायचे होते. सर्वांसाठी तारंगलांबी एकच. कोणी केव्हा बोलावे याची पाळी ठरवून देण्याऐवजी अब्रॅमसन यांनी सरळ मार्ग घेतला : ज्याला पाठवायचे असेल त्याने पाठवावे. दोघांचे संदेश हवेत एकमेकांवर आदळले तर पोच येणार नाही. मग थोडा वेळ, यदृच्छेने ठरवलेला, थांबून पुन्हा पाठवावे. पॅकेट हरवणे हा येथे अपघात नव्हताच. तो रोजच्या व्यवहाराचा भाग होता. गणिताने याची किंमतही सांगितली. अशा मोकाट पद्धतीत वाहिनीच्या क्षमतेचा जास्तीत जास्त १८.४ टक्के भागच उपयोगी पडतो.

बॉब मेटकाफ यांनी अब्रॅमसन यांचा निबंध वाचला आणि त्यातले गणित अधिक पुढे नेले. २२ मे १९७३ रोजी झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात त्यांनी एक टिपण लिहिले आणि त्यात ‘ईथरनेट’ हे नाव आले. प्रकाशलहरी ज्यातून वाहतात असे मानले जाई त्या काल्पनिक ‘ईथर’वरून हे नाव घेतले होते. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मॉर्ली यांच्या प्रयोगाने ज्या ईथरला जबर धक्का दिला, तेच नाव पुढे जगातल्या कचेऱ्यांच्या भिंतींतून धावू लागले, ही गंमत इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवण्याजोगी.

मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी घडवलेल्या पहिल्या ईथरनेटचा वेग सेकंदाला २९.४ लाख बिट होता. अलोहाच्या मोकाटपणाला त्यांनी दोन शिस्ती लावल्या. बोलण्याआधी कान देऊन ऐकायचे : तारेवर दुसरे कोणी बोलत असेल तर थांबायचे. आणि बोलतानाही ऐकत राहायचे : टक्कर झाली असे कळताच लगेच गप्प बसून यदृच्छ वेळ थांबायचे. पुन्हा टक्कर झाली तर थांबण्याची संभाव्य मर्यादा दुप्पट, आणखी झाली तर चौपट. पुढे मानक झालेल्या १० मेगाबिटच्या ईथरनेटमध्ये ही वाढ दहाव्या टकरीपर्यंत होत जाई आणि सोळाव्या अपयशानंतर फ्रेम टाकून दिली जाई.

येथे एक बारकावा आहे. टकरींमुळे ईथरनेट बदनाम झाले. प्रतिस्पर्धी ‘टोकन रिंग’चे पुरस्कर्ते याच दोषावर बोट ठेवत. पण या टकरीच जुन्या ईथरनेटमधले नकळत घडलेले प्रवाह-नियंत्रण होत्या. तार एकच, वेग एकच आणि गर्दी वाढली की प्रत्येक जण आपोआप अधिक वेळ थांबणार. मध्ये कुठे साठवणूक नाही, म्हणून साठवणूक भरून वाहण्याचा प्रश्नही नाही. फार तर ऐकणाऱ्या संगणकाची स्मृती अपुरी पडे आणि त्याच्याकडून फ्रेम सुटे. मेटकाफ-बॉग्ज यांच्या १९७६ च्या निबंधात भूमिका स्पष्ट होती : पॅकेट बहुधा पोचेल, हमी मात्र नाही. खात्री हवी असेल तर ती दोन टोकांच्या संगणकांनी आपसांत करून घ्यावी.

ही भूमिका त्या काळी सर्वमान्य नव्हती. अमेरिकेच्या अर्पानेटने नेमका उलटा विचार केला होता. तेथे ‘इम्प’ नावाचे जाळ्यातले संगणकच पॅकेटची जबाबदारी घेत. संदेश पोचल्यावर ‘पुढच्या संदेशास तयार’ अशी खूण परत येई आणि ती आल्यावरच पाठवणाऱ्याला पुढचा संदेश सोडता येई. कागदावर हे निर्दोष दिसत होते. १९७० च्या सुरुवातीला बॉब काह्न लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आले आणि तेथल्या मंडळींच्या मदतीने त्यांनी जाळ्यावर मुद्दाम कृत्रिम वाहतुकीचा मारा केला. जाळे गोठले.

ते का गोठले हे पाहणे उद्बोधक आहे, कारण हाच आजार साडेचार दशकांनी पुन्हा उद्भवणार होता. एक मोठा संदेश आठ पॅकेटांपर्यंत तुकडे होऊन निघे आणि शेवटच्या इम्पमध्ये ते सर्व तुकडे गोळा झाल्यावरच संगणकाला दिला जाई. अनेक संदेशांचे थोडे थोडे तुकडे एकाच इम्पमध्ये जमले की त्याची स्मृती अर्धवट संदेशांनी भरून जाई. ते पूर्ण करणारे तुकडे शेजारच्या इम्पमध्ये दाराशी उभे असत. त्यांना आत घ्यायला जागा नसे. तुकडे आत येत नाहीत म्हणून जागा मोकळी होत नाही, आणि जागा नाही म्हणून तुकडे आत येत नाहीत. काह्न आणि विल्यम क्राउदर यांनी १९७१ मध्ये या कोंडीची मीमांसा मांडली. उपाय ठरला तो आगाऊ जागा राखण्याचा : मोठा संदेश पाठवण्यापूर्वी समोरच्या इम्पकडे जागा मागायची, ती मिळाल्यावरच निघायचे.

आपल्याकडच्या एकेरी रेल्वेमार्गांवर हेच तत्त्व वाफेच्या काळापासून चालत आले आहे. पुढचे स्टेशन ‘लाइन क्लिअर’ देत नाही तोवर मागच्या स्टेशनातून गाडी सुटत नाही. गाडी सोडून मग ‘थांब’ म्हणण्यापेक्षा जागा असल्याची खात्री करून मग सोडणे. या दोन पद्धतींतला फरक लक्षात ठेवावा. पुढची सारी कथा त्या फरकाभोवती फिरते.

फ्रान्समध्ये लुई पूझँ यांच्या ‘सिक्लाद’ जाळ्याने १९७० च्या दशकात सांगितले की मधल्या यंत्रांनी हमी घेण्याच्या भानगडीत पडूच नये. व्हिंट सर्फ आणि काह्न यांच्या १९७४ च्या निबंधात, ज्यातून पुढे टीसीपी निघाले, दोन टोकांमधील ‘विंडो’ आली : घेणारा सांगतो की माझ्याकडे इतकी जागा आहे आणि पाठवणारा तेवढेच पाठवतो. मात्र ही विंडो घेणाऱ्याच्या पोटाची मर्यादा सांगते; वाटेवरच्या गर्दीबद्दल ती मुकी असते. त्या मुकेपणाची किंमत ऑक्टोबर १९८६ मध्ये दिसली. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यात अंतर सुमारे ४०० यार्ड. तेथला डेटाचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. पॅकेट हरवत होती, हरवलेली पुन्हा पाठवली जात होती, आणि पुन्हा पाठवलेल्यांनी गर्दी आणखी वाढत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये यावर दिलेला उपाय आजही आपल्या फोनमध्ये चालतो. पॅकेट हरवले याचा अर्थ वाटेत कोठेतरी कोंडी आहे असा घ्यावा आणि वेग कमी करावा. म्हणजे पॅकेट गमावणे हीच बातमी ठरली.

इकडे ईथरनेटचे शरीर बदलत होते. १९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स यांनी मिळून १० मेगाबिटची विनिर्देशिका प्रसिद्ध केली; १९८३ मध्ये आयट्रिपलईने ८०२.३ हे मानक मंजूर केले. जाड पिवळ्या केबलची जागा हळूहळू टेलिफोनसारख्या पिळलेल्या तारांनी घेतली. १९९० च्या सुमारास ‘कल्पना’ या कंपनीने बाजारात ‘ईथरस्विच’ आणला. विनोद भारद्वाज हे तिच्या संस्थापकांपैकी एक. सिलिकॉन व्हॅलीतल्या कंपनीचे हे नाव मराठी वाचकाला वेगळे समजावून द्यायला नको. १९९४ मध्ये सिस्कोने ही कंपनी विकत घेतली.

स्विचने ईथरनेटचा स्वभावच पालटला. आता एक सामायिक तार उरली नाही. प्रत्येक संगणकाला स्विचपर्यंत स्वतःची वाट मिळाली. पिळलेल्या तारांच्या दोन जोड्या असल्याने पाठवणे आणि घेणे एकाच वेळी शक्य झाले. टक्कर संपली. टकरीबरोबर तो नैसर्गिक लगामही सुटला, याची जाणीव मात्र थोडी उशिरा झाली.

समजा, १९९५ नंतरच्या एखाद्या कचेरीत मुख्य सर्व्हर १०० मेगाबिटच्या वाटेवर आहे आणि टेबलावरचा संगणक १० मेगाबिटच्या. सर्व्हर पूर्ण वेगाने फाइल ओतू लागला तर स्विचमध्ये सेकंदाला ९० मेगाबिट साचत जाणार. स्विचच्या त्या पोर्टपाशी २५६ किलोबाइटचा बफर असेल, तर तो सुमारे २३ मिलिसेकंदांत भरतो. डोळ्याची पापणी लवते त्याहून कमी वेळ! त्यापुढे आलेली प्रत्येक फ्रेम स्विच मुकाट्याने टाकून देतो. पाठवणाऱ्याला काही कळत नाही; त्याच्या दृष्टीने तार मोकळीच आहे.

यावरचा पहिला उपाय अधिकृत नव्हता, पण कल्पक होता. जेथे अजून जुनी, एका वेळी एकानेच बोलायची पद्धत चालू होती, तेथे बफर भरत आलेला स्विच मुद्दाम टक्कर घडवू लागला. कोणी फ्रेम पाठवायला सुरुवात केली की स्विच तारेवर स्वतःचे संकेत सोडून ती बिघडवी. पाठवणारा बिचारा नियमाप्रमाणे माघार घेई. काही स्विच याहून सौम्य होते : ते तारेवर निरर्थक संकेत चालू ठेवत, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावे की कोणी तरी बोलत आहे. याला ‘बॅकप्रेशर’ म्हणत. जुन्या व्याधीचाच औषध म्हणून केलेला हा उपयोग. पण जेथे दोन्ही बाजूंनी एकदम बोलता येते तेथे टक्कर ही संकल्पनाच उरत नाही. तेथे ही युक्ती निरुपयोगी होती.

म्हणून १९९७ च्या ८०२.३एक्स मानकात दोन गोष्टी एकत्र आल्या : दुहेरी संभाषणाला अधिकृत मान्यता आणि त्यासोबत पॉझ फ्रेम. तिची रचना साधेपणाचा नमुना आहे. पत्ता ठरलेला : ०१-८०-सी२-००-००-०१. हा पत्ता असा राखून ठेवलेला आहे की कोणताही स्विच तो पुढे पाठवत नाही. त्यामुळे ‘थांब’ हा निरोप फक्त तारेच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो, शेजाऱ्यापलीकडे कधीच नाही. आत एक आकडा असतो, ० ते ६५,५३५. त्याचे एकक म्हणजे ५१२ बिट पाठवायला लागणारा वेळ. १०० मेगाबिटच्या तारेवर सर्वांत मोठी विश्रांती सुमारे ३३६ मिलिसेकंदांची, एक गिगाबिटवर ३३.६ मिलिसेकंदांची. बफर आधीच रिकामा झाला तर शून्य आकड्याची पॉझ फ्रेम पाठवायची. अर्थ : चालू दे.

आता प्रश्न असा की स्विचने ‘थांब’ म्हणायचे केव्हा? बफर पूर्ण भरल्यावर म्हणून चालत नाही. पॉझ फ्रेम पाठवायची त्या क्षणी स्विच स्वतःच एखादी मोठी फ्रेम पाठवत असेल, तर ती संपेपर्यंत पॉझला थांबावे लागते. मग ती तारेतून समोर पोचणार. समोरच्याने नेमकी तेव्हाच नवी फ्रेम सुरू केली असेल, तर ती मध्ये तोडता येत नाही. शिवाय जे बिट आधीच तारेत आहेत ते येणारच. या सगळ्यांसाठी बफरमध्ये वरची जागा मोकळी ठेवावी लागते. घागर काठोकाठ भरल्यावर नळ बंद करा असे सांगणाऱ्याचे पाय भिजतातच.

ही राखीव जागा वेग आणि अंतर यांच्याबरोबर वाढत जाते. तांब्याच्या तारेत वा काचतंतूत संकेताला एक मीटर जायला साधारण ५ नॅनोसेकंद लागतात. १०० मीटर आणि एक गिगाबिट असे गणित मांडले तर जाऊन-येऊन वाटेतले बिट हजारच्या आसपास, ते नगण्य. पण तेच ३०० मीटर आणि १०० गिगाबिट असेल तर वाटेतच तीन लाख बिट, म्हणजे सुमारे ३७.५ किलोबाइट असतात, तेही फक्त एका पोर्टसाठी. पॉझ फ्रेम एका इमारतीच्या आत शोभते. शहरापलीकडच्या तारेवर तिचा निरोप पोचेपर्यंत पूर येऊन गेलेला असतो.

अंतराचा दोष तरी जागा वाढवून झाकता येतो. दुसरा दोष मुळातला होता. पॉझ फ्रेम ‘हा प्रवाह थांबव’ असे म्हणत नाही, ‘सगळेच थांबव’ असे म्हणते. वरच्या उदाहरणातल्या सर्व्हरला स्विचने थांबवले ते एका मंद संगणकासाठी. पण त्या सर्व्हरकडून इतर पन्नास वेगवान संगणकांना जाणारा डेटाही त्याच क्षणी थांबला. जाळ्यात अनेक स्विच असतील तर गोष्ट वाढते. थांबलेल्या स्विचचा बफर भरतो, तो आपल्या मागच्याला थांबवतो, तो त्याच्या मागच्याला. गर्दीच्या चौकात उजवीकडे वळणाऱ्या गाड्यांची रांग इतकी लांबते की सरळ जाणाऱ्यांची वाटही अडते, तसे. एखादा संगणक मध्येच गोठला आणि त्याचे नेटवर्क कार्ड मात्र जिवंत राहून पॉझ फ्रेम पाठवत राहिले, तर एका बंद यंत्राने सारा मजला स्तब्ध करावा अशीही वेळ येई.

त्यातच जेकबसन यांचे टीसीपी वर बसलेले होते. त्याला गर्दीची बातमी पॅकेट हरवल्यावरच कळते. खालच्या थराने पॅकेट हरवूच दिले नाही तर वरच्या थराला वेग कमी करण्याचे कारण दिसत नाही. तो आणखी ओतत राहतो. दोन नियंत्रक एकमेकांच्या पाठीशी उभे राहून एकमेकांचा खेळ बिघडवू लागले. बहुतेक जाणत्या व्यवस्थापकांनी निष्कर्ष काढला की थोडी पॅकेट गमावलेली परवडली, आणि पॉझ बंद केली. त्या काळाच्या गरजा पाहता हा निर्णय शहाणपणाचाच म्हटला पाहिजे.

तो बदलायला भाग पाडले ते साठवणुकीच्या जगाने. मोठ्या संस्थांमध्ये डिस्क आणि सर्व्हर यांच्यात ‘फायबर चॅनल’ नावाचे वेगळे जाळे असे. डिस्कशी बोलणाऱ्या स्कझी या भाषेची घडण अशी की मध्येच तुकडा हरवला तर सावरायला फार वेळ जाई. म्हणून फायबर चॅनलने ‘क्रेडिट’ची पद्धत धरली होती : घेणाऱ्याने जितक्या जागा देऊ केल्या तितक्याच फ्रेम पाठवायच्या, एक जागा मोकळी झाली की एक खूण परत. पुन्हा ‘लाइन क्लिअर’च. येथे बफर ओसंडणे तत्त्वतः शक्यच नाही.

दोन जाळी, दोन प्रकारची कार्डे, दोन प्रकारच्या केबल यांचा खर्च डोळ्यांत येऊ लागला. फायबर चॅनलच्या फ्रेम ईथरनेटवरून नेण्याचे मानक २००९ मध्ये पूर्ण झाले. परंतु ज्या ईथरनेटने कधी हमी दिली नाही त्याच्यावर डिस्कचा डेटा कसा सोपवणार? त्याच सुमारास साध्या टीसीपीचीही एक दुखरी बाजू पुढे आली होती. डेटा केंद्रात एका सर्व्हरने शेकडो यंत्रांना एकदम प्रश्न विचारला आणि सर्वांची उत्तरे एकाच क्षणी परतली, तर स्विचचा बफर क्षणार्धात ओसंडतो. तेथे पॅकेट जाऊन परत यायला काही शंभर मायक्रोसेकंद पुरतात. पण हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवण्यापूर्वी टीसीपी निदान २०० मिलिसेकंद थांबे. एका पॅकेटच्या हानीपायी हजारपटीहून अधिक प्रतीक्षा. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये ही प्रतीक्षा मायक्रोसेकंदांत आणण्याचा उपाय मांडला.

ईथरनेटकडून आलेले उत्तर म्हणजे २०११ चे ८०२.१क्यूबीबी, अर्थात प्राधान्यनिहाय प्रवाह-नियंत्रण, पीएफसी. फ्रेमवर तीन बिटांची प्राधान्याची खूण आधीपासून असतेच. तिच्यामुळे आठ वर्ग पडतात. नव्या पॉझ फ्रेममध्ये आठही वर्गांसाठी वेगळा वेळ लिहिता येऊ लागला. डिस्कच्या वाहतुकीला ‘थांब’ सांगायचे, त्याच वेळी ईमेल आणि वेबची वाहतूक वाहू द्यायची. तिची पॅकेट ओसंडली तर ओसंडू द्यायची. एका तारेत आठ वेगळ्या मार्गिका आखल्यासारखे. सर्वांना एकदम अडवण्याचा दोष यामुळे कमी झाला, नाहीसा मात्र झाला नाही, कारण एका मार्गिकेतही अनेक प्रवाह असतातच.

पीएफसीचा खरा जोर मात्र फायबर चॅनलमुळे वाढला नाही. तो वाढला आरडीएमएमुळे, म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याच्या स्मृतीत प्रोसेसरला न उठवता थेट लिहिण्याच्या तंत्रामुळे. हे तंत्र इन्फिनिबँड या जाळ्यावर वाढले आणि इन्फिनिबँड क्रेडिट पद्धतीने चालते. २०१० मध्ये ते ‘रॉकी’ या नावाने ईथरनेटवर आले, तेव्हा पॅकेट हरवणार नाहीत हे गृहीतकही सोबत आले. हे गृहीतक किती खोल रुतले होते हे मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दिसते. त्यांनी प्रयोगादाखल स्विचकडून दर २५६ पॅकेटांमागे सरासरी एक पॅकेट मुद्दाम टाकून दिले. तार पूर्ण वेगाने भरून वाहत होती आणि कामाचा डेटा मात्र शून्य! कारण कार्डाची रीत अशी होती की संदेशातले एक पॅकेट हरवले की संपूर्ण संदेश पहिल्यापासून पाठवायचा. ४ मेगाबाइटचा संदेश शेवटपर्यंत पोचण्याआधी काहीतरी हरवणारच, आणि पुन्हा श्रीगणेशा.

याच निबंधात काह्न-क्राउदर यांची जुनी कोंडी नव्या वेषात परतली. डेटा केंद्रातले स्विच खालून वर आणि वरून खाली अशा उतरंडीत जोडलेले असतात. पॅकेट एकदा खाली वळले की पुन्हा वर जात नाही. त्यामुळे ‘अ’ ‘ब’साठी थांबला आहे, ‘ब’ ‘क’साठी आणि ‘क’ पुन्हा ‘अ’साठी, असे चक्र तयार होणार नाही असा भरवसा होता. पण एखादा सर्व्हर बंद पडला, स्विचच्या सारणीतून त्याचा पोर्ट पुसला गेला आणि पत्ता मात्र दुसऱ्या सारणीत टिकून राहिला, की स्विच त्याची पॅकेट जुन्या ईथरनेटच्या सवयीने सर्व पोर्टांवर उधळी. त्यांतली काही पुन्हा वर चढत. चक्र पूर्ण होई, सारे एकमेकांना ‘थांब’ म्हणत राहत आणि यंत्रे पुन्हा सुरू केल्यावरही ती गाठ सुटत नसे. १९७१ मध्ये ज्ञात असलेला रोग. लक्षणे तीच, फक्त वेग लाखोपट.

एक बिघडलेले कार्ड अखंड पॉझ फ्रेम सोडून सारे जाळे रोखू शकते, हेही तेथे प्रत्यक्ष घडले होते. त्यावर योजलेला उपाय मासलेवाईक आहे. पॉझ फ्रेमवर पाळत ठेवणारा पहारेकरी बसवला. ‘थांब’ हा निरोप फार काळ अखंड येत राहिला तर त्याच्यावर विश्वास ठेवणे सोडायचे आणि त्या पोर्टपुरती पॅकेट टाकून द्यायची. हमी देणारी व्यवस्था वाचवण्यासाठी हमी मोडण्याची मुभा.

पुढच्या दशकात दोन विचार समांतर चालले. एक असा की पीएफसी असू द्यावी, पण तिच्यावर वेळच येऊ नये. रांग वाढू लागताच स्विचने पॅकेटवर खूण करायची, घेणाऱ्याने ती बातमी मूळ पाठवणाऱ्याला कळवायची आणि त्याने वेळीच वेग उतरवायचा. २०१५ च्या डीसीक्यूसीएन या पद्धतीचे सार हेच. शेजाऱ्याला अडवण्यापेक्षा उगमाला आवरणे. दुसरा विचार असा की कार्डांनाच शहाणे करावे, हरवलेले तेवढेच पुन्हा पाठवायला शिकवावे, म्हणजे हानीमुक्त जाळ्याचा हट्टच सोडता येईल. २०१८ मध्ये बर्कलीशी संबंधित संशोधकांनी हे मत आकडेमोडीसह मांडले.

मग कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रशिक्षण केंद्रे आली. हजारो जीपीयू एकाच गणिताचे तुकडे करतात आणि प्रत्येक फेरीअखेर सर्वांना परस्परांची उत्तरे हवी असतात. एकाचे पॅकेट अडले तर बाकी सारे हात बांधून बसतात. त्यामुळे एका हरवलेल्या पॅकेटची किंमत सगळ्या यंत्रांच्या वेळेत मोजावी लागते. मेटाच्या अभियंत्यांनी २०२४ मध्ये लिहिले की ४०० गिगाबिटच्या जाळ्यात त्यांनी डीसीक्यूसीएन बंदच ठेवले. पीएफसी राहिली, आणि मुख्य भार घेणाऱ्यावर टाकला : घेणारा जीपीयू जागा तयार झाल्याचे कळवतो, तेव्हाच पाठवणारा पाठवतो. मागणीवाचून डेटा निघतच नाही.

२०२३ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून ‘अल्ट्रा ईथरनेट’ संघ स्थापन केला. जून २०२५ मध्ये त्याची पहिली विनिर्देशिका प्रसिद्ध झाली. तिच्यातली वाहतूक-पद्धत पॅकेट हरवली तरी चालू राहील अशी आखलेली आहे. आणि ज्यांना हानी नकोच, त्यांच्यासाठी तारेच्या पातळीवर एक ऐच्छिक सोय दिली आहे. तिच्यात ‘थांब’ हा शब्द नाही. घेणारा आपल्याकडच्या मोकळ्या जागा आधी कळवतो आणि पाठवणारा तितक्याच फ्रेम सोडतो. अर्पानेटच्या इम्पनी कोंडी फोडण्यासाठी धरलेली वाट ईथरनेटच्या घरात यायला अर्धशतक लागले. एखादी जुनी, साधी पॉझ फ्रेम मात्र अजूनही घराघरांतल्या स्विचमधून कधीमधी निघते, ४२ शून्ये घेऊन, आणि शेजाऱ्यापाशी संपते.